आईबाप अज्ञात

काल दुपारी हॉस्पिटलच्या बसमधून उतरले, तर गल्लीच्या तोंडाशी असलेल्या कोल्ड स्टोअरच्या, म्हणजे इथल्या किराणा दुकानाच्या, दारात ओल्या खजुराच्या परड्या मांडलेल्या दिसल्या. इथे त्याला रुतब म्हणतात. अर्धा पिवळा, अर्धा तपकिरी, बोटाने जरा दाबला की साल सुटून येणारा. जुलै अर्धा सरला की बहरीनमध्ये तो येतोच. दुकानदाराने नेहमीसारखा एक खजूर माझ्या हातावर ठेवला. "मॅडम, खलास है, एक नंबर." खलास ही इथली नावाजलेली जात, आणि इथल्या बोलण्यात खलास म्हणजे संपलं. नवीन आले तेव्हा मला याचं फार हसू यायचं. काल आलं नाही. खजूर जिभेवर विरघळला आणि मी भर उन्हात तशीच उभी राहिले. पाच वर्षं होऊन गेली, तरी हा गोडवा तोंडात आला की मला त्र्याऐंशी सालचा उन्हाळा आठवतो. बाबा आमच्याकडे राहायला आले होते, तो उन्हाळा.

या दिवसांत इथली हवा अंगाला चिकटते. एसीच्या खोलीतून बाहेर पाऊल टाकलं की चष्म्याच्या काचा पांढऱ्या होतात. दिवसा नळाला गरम आणि खारट पाणी. प्यायचं गोडं पाणी कॅनमधून येतं. वसईच्या केळीच्या वाडीत, रहाटाच्या गार पाण्यावर वाढलेल्या बाबांना हे कसं झेपणार, याची मला काळजी होती. पण बाबांनी उन्हाविषयी कधी तक्रार केली नाही. ते दोन कामं मनात धरून आले होते, आणि काम हातात असलं की त्यांना हवा जाणवत नसे.

पहिलं काम म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचं, आयरीनचं लग्न मोडणं. दुसरं, आमच्या घराण्याचा वंशवृक्ष पुरा करणं. दोन्ही कामं त्यांच्या लेखी एकच होती.

मी इथे पंचाहत्तर साली टायपिस्ट म्हणून आले. पुढे हॉस्पिटलच्या रेकॉर्ड सेक्शनमध्ये लागले. नवरा सित्राच्या रिफायनरीत शिफ्टवर. आयरीन नर्स होऊन माझ्या मागोमाग आली, आमच्याच घरी राहिली, आणि शुक्रवारच्या मिसाला चर्चमध्ये तिची झेवियरशी ओळख झाली. शुक्रवारी इथे सुट्टी, म्हणून आपला रविवार शुक्रवारी. झेवियर हिद्दच्या गोदीत वेल्डर होता. शांत मुलगा, हातावर ठिणग्यांचे बारीक डाग. आपल्याच वसईचा, पण किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यातला. आम्ही आत वाडीतले.

ज्यांना वसई माहीत नाही त्यांना हे अंतर कळायचं नाही. चर्च एक, प्रार्थना एक, पण सोयरीक म्हटली की दोन गावांच्या मध्ये भिंत उभी राहते. बाबांनी पत्रात लिहिलं होतं, "मुलगा चांगला असेल. मी नाही म्हणत नाही. पण घराणं बघावं लागतं." आमचं घराणं म्हणजे मच्याडो. बाबांच्या सांगण्याप्रमाणे आमचा मूळ पुरुष एक वेदशास्त्र जाणणारा ब्राह्मण. पोर्तुगीज आले तेव्हा त्याने बाप्तिस्मा घेतला, आणि मच्याडो नावाचा कुणी मोठा कप्तान त्याचा धर्मपिता झाला. "धर्म बदलला बाय, रक्त नाही बदललं," असं ते लहानपणापासून मला सांगत. आमच्या घरातल्या कुरळ्या केसांचं श्रेयसुद्धा ते त्या कप्तानाच्या पुण्याईला देत. धर्मपित्याचे केस धर्मपुत्राला कसे येतील, हे विचारायची आम्हाला कधी हिंमत झाली नाही.

बाबा चाळीस वर्षं प्राथमिक शाळेत मास्तर होते. घरी आम्ही आमच्या बोलीत बोलायचो, पण बाबा शाळेतली मराठी बोलत, घरातसुद्धा. ते आले ते ड्रॉइंगच्या मोठ्या कागदाची गुंडाळी घेऊनच. आमच्या जेवणाच्या टेबलावर ती पसरली, कोपऱ्यांवर माझ्या चार वाट्या ठेवल्या. वरच्या फांद्या भरलेल्या होत्या: आम्ही भावंडं, आमची मुलं, बाबांचे भाऊ, त्यांचे वडील, आणि आजोबा इनास मच्याडो. इनासच्या खाली जाडजूड खोड काढून ठेवलेलं होतं. रिकामं.

"पास्कूला कामाला लावलंय," बाबा म्हणाले. पास्कू माझा भाऊ, तो वसईलाच असतो. "आपल्या देवळात शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची बाप्तिस्म्याची बुकं आहेत. सगळी पोर्तुगीजमधली. म्हाताऱ्या फादरांना येतं वाचता. ते वाचतात, पास्कू मराठीत उतरवून पाठवतो. एकेक पिढी मागे जायचं. मग बघू तुझी बहीण काय म्हणते ते."

"बाबा, तिला झेवियर आवडतो. त्यात बुकं काय करणार?"

"माणसाला आपण कोण आहोत हे कळलं की काय आवडावं तेही कळतं," बाबा म्हणाले. आयरीन स्वयंपाकघरात होती. तिने भांडं आपटलं.

पहिलं पत्र जुलैच्या शेवटच्या आठवड्यात आलं. बाबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, पत्रं मीच वाचून दाखवायची. दुपारी अडीचचा सुमार. मी ड्युटीवरून आले होते, आयरीनची दुपारची शिफ्ट नव्हती म्हणून तीही घरी होती. टेबलावर वंशवृक्ष, शेजारी ताटलीत रुतब. बाबांना तो फार आवडला होता, दिवसाला वीस-पंचवीस खात. त्यांनी बिया मोजल्यासारख्या ओळीने लावून ठेवल्या होत्या.

मी वाचू लागले. पास्कूने आधी फादरांच्या तब्येतीचं, केळीच्या घडांचं लिहिलं होतं. मग: "बाबा, तुमच्या इनास आजोबांची नोंद सापडली. बापाचं नाव ज्युआंव मच्याडो. म्हणून मी ज्युआंवच्या बाप्तिस्म्याची नोंद शोधली. तीही सापडली. फादरांनी दोनदा वाचून दाखवली. जशी आहे तशी उतरवतो."

"वाच, वाच," बाबा म्हणाले. त्यांनी पेन्सिल हातात घेतली.

"'आज मी एका मुलग्याला बाप्तिस्मा दिला. वय अंदाजे सात. जातीने हबशी. फारसी आखाताकडे निघालेल्या अरबी गलबतावरून सरकारी जहाजाने सोडवलेल्या…'"

तिथे मी थांबले. डोळे पुढे गेले होते, आवाज गेला नाही. कानांत एसीची घरघर एकदम मोठी झाली.

"काय झालं?"

"अक्षर लागत नाही, बाबा."

"पास्कूचं अक्षर मी घडवलंय," बाबा म्हणाले. "त्याचं अक्षर लागत नाही म्हणजे काय? वाच."

चाळीस वर्षं वर्गात उभा राहिलेला तो आवाज होता. मी वाचलं. "'…सोडवलेल्या गुलाम पोरांपैकी एक. मुंबईहून इथे आणलेला. आईबाप अज्ञात. नाव ठेवले ज्युआंव. धर्मपिता पेद्रु मच्याडो, कोळी, ज्याने त्याला आपल्या होडीतून आणले. आडनाव धर्मपित्याचे दिले.'"

पत्रात आणखी दोन ओळी होत्या, पास्कूच्या. "बाबा, मला काय लिहावं ते सुचत नाही. मी रात्रभर हेच वाचतोय."

बाबांची पेन्सिल रिकाम्या खोडावर जागच्या जागी फिरत होती, तिथे एक काळा ठिपका उमटत मोठा होत गेला. आणि मग आयरीन हसली. आनंदाचं नव्हे, अंगावर अचानक काही पडलं की कधी कधी माणूस हसतो, तसं. "म्हणजे आडनावसुद्धा कोळ्याचं! बाबा, आडनावसुद्धा कोळ्याचं!"

"आयरीन!" मी ओरडले.

बाबा उठले. खुर्ची मागे पडली. ते भिंतीला हात लावत त्यांच्या खोलीत गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं. आयरीनचं हसू तोंडावरच राहिलं, आणि मग तिने पदराआड तोंड लपवल्यासारखे दोन्ही हात चेहऱ्यावर घेतले. "मी का हसले ग ताई?" ती म्हणाली. "मी का हसले?"

मी आरशापुढे गेले हे मला आठवतं. काय बघायला गेले, ते सांगता येत नाही. तोच चेहरा, तेच केस. जन्मभर जे घरचं म्हणून पाहिलं होतं ते अनोळखी वाटलं, आणि त्या वाटण्याची लाजही वाटली. काय बदललं होतं? आणि त्याहून मोठा धक्का नंतर बसला, ताटलीतल्या त्या बियांकडे नजर गेली तेव्हा. आखाताकडे निघालेल्या गलबतावरून. ते मूल इकडेच यायला निघालं होतं. निघालं नव्हतं, आणलं जात होतं. माल म्हणून. बसऱ्याला उतरवलं असतं, मस्कतला, की इथेच, ते कुठे लिहिलेलं नाही. त्या काळी अशी माणसं खजुरांच्या बागांत राबवत, मोत्यांच्या होड्यांवर बुडी मारायला लावत, हे मी इथे आल्यावर कुठेतरी ऐकलं होतं. ऐकून विसरले होते. मी या बेटावर व्हिसा घेऊन, बापाचा आशीर्वाद घेऊन, विमानाने आले. आमच्यातला पहिला माणूस इकडे निघाला तेव्हा तो सात वर्षांचा होता, आणि त्याला कुणी विचारलं नव्हतं.

संध्याकाळी बाबा बाहेर आले. "दुसरा कुणी ज्युआंव असेल," ते शांतपणे म्हणाले. "मच्याडो शंभर आहेत. पास्कूला लिही, लग्नाची नोंद काढ म्हणावं. पुरावा एका कागदाने होत नाही."

मी लिहिलं. मग तीन आठवडे आम्ही उत्तराची वाट पाहिली. बाबा सकाळी उठून टेबलाशी बसत. कागद पसरत नसत. रुतबला हात लावत नसत. शुक्रवारी मिसाला चला म्हटलं तर "पाय दुखतात" म्हणाले. आयरीन त्यांच्या समोरून जाताना पायांचा आवाज होऊ देत नसे. झेवियरचा फोन आला की ती दोन शब्द बोलून ठेवून देई. जे लग्न मोडायला बाबा आले होते त्याचा विषय कुणी काढीना, आणि त्यामुळे ते जास्तच मोडल्यासारखं वाटत होतं.

हॉस्पिटलमध्ये माझं काम फायली उघडण्याचं. नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख, देश. त्या दिवसांत बांधकामावरून पडलेल्या एका मजुराला आणलं. शुद्ध नव्हती, खिशात कागद नव्हता. फाईलवर मी 'अननोन' टाइप केलं आणि माझा हात थांबला. अशा किती फायली मी आठ वर्षांत उघडल्या होत्या, चहाचा घोट घेत घेत. तो माणूस अननोन नव्हता. त्याला त्याचं नाव माहीत होतं. माहीत नव्हतं ते मला. दोन दिवसांनी तो शुद्धीवर आला, त्याने नाव सांगितलं, मी फाईलवरची पट्टी काढून नवी लावली. कुणाला त्यात विशेष वाटलं नाही.

दुसरं पत्र आलं ते जाड होतं. बाबांनी ते हातात घेऊन वजन केल्यासारखं हलवलं आणि मला दिलं. या वेळी मी कुठेही थांबले नाही. ज्युआंव मच्याडो, माळी, वाडीतल्या एका विधवेच्या मुलीशी लग्न. वराच्या आईबापांच्या जागी पुन्हा तोच शब्द. सहीच्या जागी फुली. वर्षभराने मुलगा, इनास. वाडी तीच, जी आज आमची आहे. सासूने जावयाच्या नावे केलेली. शंकेला जागाच नव्हती. शेवटी पास्कूने फादरांचं बोलणं लिहिलं होतं: "गावातल्या जुन्या माणसांना हे माहीत असणार. दोन पिढ्यांत विसरलं गेलं असेल. रंग उतरत जातो, जमीन राहते."

"माझ्या आज्याला मी पाहिलंय," बाबा म्हणाले. "इनासला. त्याच्या मांडीवर बसलोय मी. एकदा विचारलं होतं, तुझा बा कुठला? तर म्हणाला, वाडीतला. एवढंच." मग थांबून, "त्याला माहीत होतं बाय. त्याने मला सांगितलं नाही. मी ज्या तऱ्हेचा मुलगा होतो, त्याला सांगावंसं वाटलं नसेल."

दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, बाजारात जाऊ. खजूर घ्यायचा म्हणाले, पण मला खरं कारण कळलं. मनामाच्या जुन्या बाजारात एक म्हातारा खजूर विकायला बसायचा, काळा, उंच, केस कुरळे, दाढी पांढरीशुभ्र. जुन्या बहरीनी माणसांसारखं त्यालाही मुंबईचं हिंदी येत होतं. आधीच्या खेपेला त्याने बाबांना बसायला स्टूल दिलं होतं आणि बाबा बसले नव्हते. त्या दिवशी ते आपणहून बसले. बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले. मग विचारलं, "चाचा, आपके दादा कहाँ के थे?"

म्हाताऱ्याने हातातला खजूर खाली ठेवला. त्याचे डोळे एकदम सावध झाले. त्या प्रश्नाची त्याला सवय असावी, आणि तो आवडत नसावा. "यहीं के," तो म्हणाला. "बहरीन के. मैं भी बहरीन का. क्यों?"

बाबांचा चेहरा पडला. "मेरे परदादा," ते म्हणाले, आणि त्यांना हिंदी सुचेना. "छोटा था… जहाज में…" त्यांनी हात जमिनीपासून वर धरला, सात वर्षांच्या मुलाच्या डोक्याएवढ्या उंचीवर. बाजारातली माणसं बाजूने जात होती. बाबांचा तो हात हवेत तसाच राहिला.

म्हाताऱ्याने हाताकडे पाहिलं, मग बाबांच्या तोंडाकडे. किती कळलं कोण जाणे. त्याने परडीतून चांगला मऊ खजूर निवडला आणि बाबांच्या त्याच हातावर ठेवला. "खाओ," म्हणाला. बाबांनी खाल्ला. त्या तीन आठवड्यांतला पहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी युनिफॉर्मला इस्त्री करत होते. बाबा दारात येऊन उभे राहिले.

"बाय, सात वर्षांच्या मुलाला आपल्या आईचं नाव माहीत असतं."

मी इस्त्री उभी केली.

"पहिलीत येतं ते मूल," बाबा म्हणाले. "चाळीस वर्षं मी पोरांना शाळेत घातलंय. नाव विचारलं की सांगतं. आईचं विचारलं की सांगतं. घर कुठे, तर बोट दाखवतं. आणि ते फादर लिहितात, आईबाप अज्ञात. अज्ञात कसे? ते पोर ओरडून सांगत असेल! सांगून सांगून दमलं असेल. कुणाला त्याची भाषा कळली नाही म्हणून अज्ञात?"

"बाबा, बसा."

"मी बसत नाही. मला बोलू दे. मीसुद्धा तेच केलं. डोंगरापलीकडच्या पाड्यांवरची आदिवासी पोरं यायची. पोर सांगायचं लखमा, मी लिहायचो लक्ष्मण. काशा सांगायचं, मी काशिनाथ. शुद्ध करून. कुणाचं कळलंच नाही तर कॅलेंडरवर दिसेल ते नाव. जन्मतारीख सगळ्यांची एक जून. आडनाव पाड्याचं. वर्ग हसायचा, मीही हसायचो. मला वाटायचं मी त्यांना माणसांत आणतोय." त्यांनी चष्मा काढला, पण पुसला नाही. "किती पोरं असतील ग? मला आठवतसुद्धा नाहीत."

मी माझ्या बापाला त्याआधी कधी रडताना पाहिलं नव्हतं, आई गेली तेव्हासुद्धा. आयरीन आपल्या खोलीतून धावत आली. नाईट करून आलेली, अर्धवट झोपेतली. तिने काही न विचारता त्यांना धरलं. बाबांनी तिच्या खांद्यावर डोकं ठेवलं. मला इस्त्रीच्या गरम कापडाचा वास येत होता, आणि काय करावं ते कळत नव्हतं. ज्याच्या शब्दाने आमच्या घराचे नियम ठरत, तो माणूस आमच्यासमोर उभा राहून आपलाच शब्द खोडत होता. ज्युआंवच्या नोंदीने मी हादरले होते हे खरं. पण त्या सकाळी जे पाहिलं, त्याने पायाखालची फरशीच सरकली.

पुढच्या शुक्रवारी बाबा मिसाला आले. चर्चच्या अंगणात त्यांनी स्वतः झेवियरला हाक मारली. "दुपारी जेवायला ये," एवढंच म्हणाले. झेवियर आला तो भलामोठा हामूर मासा घेऊन, कागदात गुंडाळलेला. इस्त्रीचा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं, घामाने पाठ भिजलेली. सोफ्याच्या कडेवर बसला. त्याला वाटत होतं आता घराण्याची चौकशी होणार. आयरीनने त्याला पत्रातलं काहीच सांगितलं नव्हतं; ते सांगणं बाबांचं, असं ती म्हणाली होती.

बाबांनी सगळं सांगितलं. गलबत, होडी, पेद्रु कोळी, सगळं. एकही शब्द गाळला नाही. झेवियर मान खाली घालून ऐकत होता. शेवटी तो हळूच म्हणाला, "पेद्रुने त्याला होडीतून आणलं ते बरं केलं, बाबा." मग जरा घाबरून, "म्हणजे मच्याडो सर."

"बाबा म्हटलंस तेच ठीक आहे," बाबा म्हणाले. "गोदीतून सुट्टी कधी मिळेल तुला? लग्नाला महिनाभर तरी लागेल."

आयरीन दारात उभी होती. तिच्या हातात भाताचं पातेलं होतं, ते तिने तसंच जमिनीवर ठेवलं आणि तिथेच खाली बसली.

जायच्या आदल्या दिवशी बाबांनी वंशवृक्ष पुन्हा पसरला. खोडावर ज्युआंवचं नाव लिहिलं, माझ्याकडून जाड अक्षरांत गिरवून घेतलं. त्याखाली माझ्याकडून आणखी एक ओळ लिहून घेतली: 'आईने ठेवलेलं नाव'. आणि पुढे जागा सोडायला सांगितली. मी विचारलं, ही कशाला, ती तर कधीच भरायची नाही. "नाही भरायची," बाबा म्हणाले. "पण तिथे काहीतरी होतं, हे दिसलं पाहिजे."

लग्न त्या डिसेंबरात वसईला झालं. वाडीतले काही लोक आले, काही आले नाहीत. बाबांनी येईल त्याला तो कागद दाखवला. काहींनी पाठ फिरवली. दोन घरं अजून आमच्याशी बोलत नाहीत. आयरीन आणि झेवियर आता हिद्दला राहतात. त्यांची मुलगी मराठी समजते आणि उत्तर इंग्रजीत देते.

बाबा सत्तरीच्या पुढे गेलेत. डोळ्यांचं ऑपरेशन झालं, आणि बरं दिसू लागल्यापासून ते घरी थांबत नाहीत, अशी पास्कूची तक्रार आहे. हातात वही, खांद्याला पिशवी, पिशवीत माझा जुना टेपरेकॉर्डर. एसटीने डोंगरापर्यंत, पुढे पायी. शाळेची जुनी रजिस्टरं त्यांनी नकलून घेतलीत. पाड्या-पाड्यांवर जाऊन ते आपले जुने विद्यार्थी शोधतात. काही मेलेत, काही गाव सोडून गेलेत. काहींना मास्तरांचं डोकं फिरलंय असं वाटतं.

काल रुतब घेऊन घरी आले, तर दारात आयरीन उभी. गावाहून आलेल्या एका नर्सच्या हाती बाबांनी कॅसेट पाठवली होती. आम्ही दोघींनी ती स्वयंपाकघरात लावली. आधी खरखर, कोंबड्यांचा आवाज, कुणीतरी खाट सरकवल्याचा आवाज. मग बाबा: "रजिस्टरमध्ये तुझं नाव प्रभाकर आहे. ते मी लिहिलं. तुझी आई तुला काय म्हणायची?"

एक पुरुष हसला. पन्नाशीचा तरी असावा. "जाऊ दे की गुरुजी. आता कोण हाक मारतंय त्या नावाने."

"मला सांग."

खाट करकरली. मग तो माणूस अगदी हळू, लहान मुलासारखा लाजत म्हणाला, "पावश्या. मी झालो तेव्हा तो पक्षी ओरडत होता म्हणं. आई पावश्याच म्हणायची."

आणि लगेच एका बाईचा आवाज, दुरून, चकित झालेला: "एवढी वर्षं झाली लग्नाला, मला कधी बोलला नाहीस!"

आयरीनने माझा हात धरला. मग वहीचं पान उलटल्याचा आवाज आला, आणि बाबांचा घसा खाकरल्याचा.

"पुन्हा एकदा सांग," बाबा म्हणाले. "सावकाश. मला नीट लिहायचंय."